विटेवरचा देव आणि जात्याजवळचा देव

रुग्णाची सेवा हा धर्म आहे, याविषयी भारतीय परंपरेत फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो ही सेवा कशासाठी, किती काळ आणि कोणी करायची, या प्रश्नांपाशी. ताप, अस्थिभंग किंवा शस्त्रक्रियेनंतरचे आजारपण यांत हे प्रश्न टोकाला जाण्याआधीच रुग्ण हिंडूफिरू लागतो आणि घरच्यांचे कष्ट फळाला आले असे म्हणता येते. वृद्धापकाळातील जुनाट हृदयविकारात ही सोय नसते. पूर्वी येऊन गेलेल्या झटक्यामुळे, दीर्घकाळच्या रक्तदाबामुळे वा झडपांच्या दोषामुळे हृदयाचा स्नायू एकदा क्षीण झाला की शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याचे त्याचे सामर्थ्य उणावते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, ते पाणी पायांत, पोटात आणि फुप्फुसांत साठते, आणि चार पावले चालताना किंवा रात्री आडवे होताच धाप लागू लागते. घरोघरी ज्याला ‘पंपिंग कमी झाले’ असे म्हणतात तो हा विकार. (पंपिंग तीस टक्के आहे असे ऐकून सत्तर टक्के आयुष्य संपले असे समजणारी कुटुंबे आहेत, म्हणून हे सांगणे अगत्याचे की निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आपल्यातील रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्केच बाहेर टाकते.) आजच्या औषधांनी आयुष्य वाढते, धाप कमी होते, काही रुग्णांत पंपिंग सुधारतेही; पण वृद्ध रुग्ण पूर्ववत होईल ही आशा बहुधा धरता येत नाही. शुश्रूषा वर्षानुवर्षे चालते आणि ती ज्या दिवशी संपते तो दिवस रुग्ण बरा झाल्याचा नसतो. ज्या कर्माचा शेवट आरंभीच ठाऊक आहे, त्याला कोणत्या अर्थाने धर्म म्हणायचे, हा येथील प्रश्न आहे.

या प्रश्नाला घराघरांत सर्वांत आधी मिळणारे उत्तर प्रारब्धाचे असते. कर्मसिद्धांत कर्माचे तीन भाग करतो: अनेक जन्मांत साठलेले ते संचित, त्यातील ज्याचा भोग या जन्मी सुरू झाला आहे ते प्रारब्ध, आणि आता हातून घडत असलेले ते क्रियमाण. आजार हा प्रारब्धाचा भोग असून तो भोगूनच संपवायचा असतो, असे एकदा मानले की शुश्रूषा ही भोग थोडा सुसह्य करणारी दया तरी ठरते किंवा निरर्थक धडपड तरी. चरकसंहितेने हा पेच टाळलेला नाही. तिच्या विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या साथींचा विचार चालू असताना, माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की नसते, असा प्रश्न अग्निवेश आपल्या गुरूंना, म्हणजे आत्रेयांना, विचारतो. त्यावरचे उत्तर असे आहे की पूर्वजन्मीचे कर्म म्हणजे दैव आणि या जन्मीचा प्रयत्न म्हणजे पुरुषकार, या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते. दुर्बळ दैवाला प्रयत्न हटवतो आणि प्रबळ दैव प्रयत्नाला हटवते, आणि सर्वांचेच आयुष्य नियत असते तर औषध, पथ्य व सावधगिरी यांना काही अर्थच उरला नसता. दैव प्रबळ होते की दुर्बळ, हे प्रयत्न करून पाहण्याआधी कोणालाच कळत नसल्यामुळे या विवेचनात प्रयत्न सोडण्याची मुभा कोठेही मिळत नाही. शिवाय प्रारब्ध हा विचार माणसाने स्वतःविषयी केला तर तो धीर देऊ शकतो. अंथरुणावरील दुसऱ्या माणसाविषयी तो उच्चारला की त्याचा निवाडा होतो. धाप लागलेल्या वृद्धाला ‘हे तुमचे भोग’ असे ऐकवणे हे अध्यात्म नव्हे, ते क्रौर्य आहे.

दुसरे उत्तर गीतेचे. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे वचन मराठी माणसाला इतके परिचित आहे की त्याच श्लोकाचा शेवट, म्हणजे कर्म न करण्याचीही आसक्ती नको हा इशारा, बहुधा स्मरणातून गळतो. जुनाट हृदयविकाराच्या शुश्रूषेत या दोन्ही अंगांची परीक्षा रोज सकाळी होते. लघवी करून आल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर आणि साधारण तशाच कपड्यांत रुग्णाचे वजन करून ते वहीत लिहून ठेवावे, असे डॉक्टर सांगतात, कारण दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंच्या आसपास वाढले तर ती वाढ अन्नाची नसते, अंगात साठलेल्या पाण्याची असते, आणि धाप वाढण्याच्या काही दिवस आधीच काटा ती दाखवतो. त्याच वेळी घोटे दाबून सूज पाहायची, रात्री दोन उशांऐवजी तीन लागल्या का ते विचारायचे, लघवी वाढवणारी गोळी सकाळीच द्यायची म्हणजे रात्री अंधारात वारंवार उठताना तोल जाणार नाही, आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दूर ठेवायची, कारण अशा पुष्कळ गोळ्या शरीरात पाणी साठवतात. आता इतके सारे करूनही वजन वाढतेच, कधी रुग्णालय गाठावे लागतेच. फळावर जीव टांगलेला काळजीवाहक अशा वेळी स्वतःला किंवा रुग्णाला दोष देऊ लागतो. आणि फळ आपल्या हाती नाही हे अर्धेच शिकलेला काळजीवाहक, होणारच आहे ते होईल असे म्हणून वही बंद करतो. गीतेला यांतले काहीच अभिप्रेत नाही. ती योगाला कर्मातील कौशल्य म्हणते, आणि कौशल्य म्हटले की काटा आला, वही आली, वेळ पाळणे आले.

लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञानी पुरुषालाही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी टिकावी आणि लोकांपुढे उदाहरण राहावे यासाठी, कर्म सुटत नाही असा सिद्धांत मांडला. तो मोठा आहे. परंतु त्या ग्रंथातील कर्मयोग्याचे लक्ष बहुधा सार्वजनिक कर्तव्याकडे असल्यामुळे आजाऱ्याच्या खोलीतील कर्म त्यात मावते की नाही याचा विचार वाचकालाच करावा लागतो. या खोलीच्या अधिक जवळ पोहोचतात ते विनोबा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली ‘गीता प्रवचने’ चौथ्या अध्यायाच्या विवरणात कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा संबंध उलगडतात. बाहेरून दिसणारी क्रिया ते कर्म. त्या क्रियेला आतून मिळालेली चित्ताची जोड ते विकर्म, असा विनोबांचा विशेष अर्थ आहे. आणि दोन्ही एकत्र आले की कर्माचा भार नाहीसा होतो, ते अकर्म. नुसत्या कर्माची शुश्रूषा गोळ्या वेळेवर देते, पण रुग्णाकडे पाहत नाही. नुसत्या विकर्माची शुश्रूषा उशाशी बसून रडते आणि मीठ मोजायचे विसरते. मात्र विनोबांचे सूत्र काळजीवाहकावर उलटवता कामा नये: थकलेल्या माणसाला भार जाणवतो म्हणजे त्याचे चित्त शुद्ध नाही, असा निष्कर्ष त्यातून कोणी काढला तर तो अन्यायाचा होईल, कारण पाठ आणि गुडघे हे चित्तशुद्धीच्या अधीन नसतात.

मिठाचा उल्लेख आला म्हणून व्रतांचा प्रश्न येथेच घ्यावा. निरोगी प्रौढानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयरुग्णाने किती खावे हे त्याचे डॉक्टर ठरवतात, आणि पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, फरसाण, वरून घेतलेले मीठ यांनी ती मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. उपवासाला चालते म्हणून सैंधव हृदयालाही चालते, हा समज मराठी घरांत घट्ट आहे. परंतु सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते आणि अंगात पाणी धरून ठेवण्याच्या बाबतीत ते साध्या मिठाहून सौम्य नाही. आयुष्यभर एकादशी पाळलेल्या वृद्धेला आता ती निर्जळ करू नका, गोळ्या चुकवू नका, असे सांगितले की तिला आपला धर्म हिरावून घेतला जात असल्यासारखे वाटते, आणि ही भावना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिच्याशी आरोग्याच्या भाषेत वाद घालण्यापेक्षा धर्मशास्त्राच्या भाषेत बोलणे अधिक योग्य, कारण व्रतांचा विचार करणाऱ्या निबंधग्रंथांनी, म्हणजे स्मृतिवचने एकत्र करून त्यांचा निर्णय देणाऱ्या ग्रंथांनी, ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे सांगितले आहे त्यांत पाणी, फळ आणि दूध यांच्याबरोबर औषधही आहे. रुग्णाला सवलत देणे ही आधुनिकांनी काढलेली पळवाट नाही. व्रत ज्यांनी सांगितले त्यांनीच ती देऊन ठेवली आहे.

आता कोणी करायची, हा प्रश्न. मराठी मनात वृद्ध आईवडिलांच्या सेवेचे चित्र एका कथेने कोरलेले आहे. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत असताना साक्षात देव दाराशी आला, पुंडलिकाने हातातले काम न सोडता एक वीट मागे भिरकावली आणि तिच्यावर थांबायला सांगितले, आणि देव कटीवर हात ठेवून तेथे उभा राहिला तो आजतागायत. पुंडलिक ही ऐतिहासिक व्यक्ती होती की पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटातील त्याचे स्थान मूळचे शिवस्थान होते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विचाराला तो वाद आड येत नाही, कारण प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांनी या कथेतून काय घेतले हा आहे. धर्मविचार म्हणून ही कथा असामान्य आहे. दर्शन हे उपासनेचे फळ मानले जाते, आणि येथे दर्शन स्वतः चालत आले असता सेवा थांबत नाही. सेवा दर्शनाचे साधन राहत नाही, ती दर्शनाला ताटकळत ठेवू शकते. या क्रमाला देवाची संमती आहे, हे त्याच्या उभे राहण्यातून कथा सांगते. पूर्वी आईवडिलांची हेळसांड केलेला, काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात डोळे उघडलेला हा मुलगा असल्यामुळे ही सेवा जन्मजात सद्‌गुणाचीही नाही, ती शिकलेली आहे.

परंतु कथेचे दोन पैलू सोयीस्करपणे नजरेआड होतात. पहिला असा की पाय चेपणारे हात मुलाचे आहेत. प्रत्यक्षात मराठी घरात सासूसासऱ्यांचे वजन टिपणारे, बेडपॅन धुणारे, रात्री तीन वाजता खिडकी उघडून त्यांना बसते करणारे हात बहुतेक ठिकाणी सुनेचे, लेकीचे किंवा स्वतःच सत्तरी गाठलेल्या पत्नीचे असतात, आणि पुंडलिकाचे पुण्य मात्र मुलाच्या नावावर जमा होते. मृत्यूनंतरच्या क्रियांचा अधिकार परंपरेने आधी मुलाला दिला. जिवंतपणीच्या क्रियांचा अधिकार कोणाचा, हे तिने इतक्या काटेकोरपणे ठरवले नाही. दुसरा पैलू असा की विटेवरचा देव पाहतो, पण हात लावत नाही. तो कौतुकाने थांबतो. पाय चेपायला बसत नाही. शुश्रूषा करणाऱ्या बाईभोवतीचा समाज नेमका हाच पवित्रा घेतो. नातेवाईक भेटायला येतात, सफरचंदे आणतात, ‘फार करते हो बिचारी’ असे म्हणतात, अर्धा तास बसतात आणि चहा घेऊन जातात. स्तुतीने सेवेचे ओझे हलके होत नाही. उलट स्तुती स्वीकारल्यावर मदत मागणे अवघड होते.

याच पंढरपुरात देवाची दुसरीही प्रतिमा आहे. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळायला बसली की विठ्ठल तिच्याबरोबर जात्याच्या खुंट्याला हात लावतो, तिच्याबरोबर शेण्या वेचतो, असे परंपरा सांगते, आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून एक जाते भाविकांना दाखवले जाते. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाने बारा वर्षे कावडीने पाणी भरणारा गडी हा प्रत्यक्ष कृष्ण होता, ही कथाही त्याच कुळातली. तो ज्यात पाणी भरत असे असे मानले जाते तो रांजण नाथषष्ठीला आजही भरला जातो. जात्याशी बसलेला आणि पाणी वाहणारा हा देव विटेवरच्या देवाहून वेगळे काही शिकवतो: भक्तीचा स्वीकार करणे पुरेसे नाही, भक्ताच्या कष्टांत वाटा उचलावा लागतो. दीर्घ शुश्रूषेचा धर्म पुंडलिकाच्या कथेवर एकट्याने उभा केला तर तो अपुरा राहतो. तिच्याशेजारी जनाबाईची कथा ठेवली तरच तो न्याय्य होतो. याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री मुलाने रुग्णाच्या खोलीत झोपावे, दूरच्या भावंडांनी नुसते फोन न करता पैसे आणि रजा द्यावी, गोळ्यांचा डबा भरण्याचे काम एकाचे आणि डॉक्टरांकडे नेण्याचे दुसऱ्याचे असावे, आणि रोज करणाऱ्या व्यक्तीला महिन्यातले काही दिवस पूर्ण सुटी मिळावी. हे उपकार म्हणून होऊ नये. देव दळायला बसला तेव्हा तो जनाबाईवर उपकार करत आहे असे परंपरेने कधी मानले नाही.

येथेच एक आक्षेप येतो, की ब्यूरोतून बाई ठेवली तर ती सेवा कसली, तो तर पगार. चरकसंहिता या आक्षेपाला आधार देत नाही. तिने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि परिचारकाच्या अंगी उपचारांची माहिती, कामातील चापल्य, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी आस्था आणि स्वच्छता असे चार गुण असावेत असे म्हटले आहे. रक्ताचे नाते या चारांत नाही. आस्था आहे, पण ती नात्याबरोबर आपोआप येते असे गृहीत धरलेले नाही, आणि उपचारांची माहिती तर शिकूनच येते. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्याचे काम हाती घेतले, तेव्हा हा व्यवसाय भल्या घरच्या बाईला शोभत नाही असे मानणारा समाज समोर होता. आज बारा तासांच्या पाळीला येणाऱ्या मावशींना वेगळा कप देणाऱ्या घरांत तो समाज अजून शिल्लक आहे. मावशींना वजनाची वही वाचायला शिकवणे, त्यांना नावाने ओळखणे आणि त्यांची साप्ताहिक सुटी न बुडवणे हा या सेवाधर्माचाच भाग आहे.

सेवा घेणाऱ्याचाही धर्म असतो, याकडे फार थोडे लक्ष जाते. चरकाने रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत: स्मरणशक्ती, सांगितलेले पाळणे, निर्भयता आणि आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. चौथा गुण या विकारात प्राणाइतका मोलाचा आहे, कारण घरच्यांना त्रास नको म्हणून रात्रीची धाप लपवणारे वृद्ध पुष्कळ आहेत, आणि लपवलेली धाप दोन दिवसांनी रुग्णवाहिकेतूनच बाहेर पडते. लपवण्यामागे भिडेइतकीच एक जखम असते: आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात, म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाच्या नियमग्रंथात, या जखमेचा एक प्रसंग आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही घेतला आहे. अतिसाराने घाणीत पडून राहिलेला एक भिक्षू बुद्धांना दिसतो. तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही असे विचारल्यावर तो सांगतो की आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून कोणी करत नाही. बुद्ध आपला शिष्य आनंद याच्याकडून पाणी आणवतात, स्वतः पाणी ओततात, दोघे मिळून त्याला धुतात आणि उचलून मंचकावर ठेवतात; मग संघाला सांगतात की तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. उपयोगाच्या मोबदल्यात सेवा, हा व्यवहार बुद्धांनी तेथे मोडून काढला. मुलाने सेवा करावी कारण वडिलांनी त्याला वाढवले, असे मराठी घरांत म्हटले जाते तेव्हा त्यातही कर्जफेडीचा तोच हिशेब डोकावतो, आणि ज्या वडिलांनी नीट वाढवले नाही त्यांचे काय, या प्रश्नापाशी तो हिशेब कोसळतो. बुद्धांच्या उत्तराला या प्रश्नाची अडचण होत नाही.

शेवटच्या टप्प्यातील निर्णय हे सर्वांत कठीण. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यावर सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी अन्न आणि औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. हे उदाहरण आदरणीय असले तरी त्याचा दाखला देऊन कोणत्याही वृद्धाचे औषध बंद करता येणार नाही, कारण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता, शुद्धीत घेतलेला होता आणि आयुष्यभराच्या साधनेशी सुसंगत होता. त्यातून घेण्याजोगी गोष्ट एवढीच की रुग्णाचे मत रुग्णाला विचारावे, आणि ते बोलता येत असताना विचारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण येण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करताना नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढील साक्षांकन पुरेसे ठरवले. मुलांनी हा विषय काढणे म्हणजे आईवडिलांच्या मरणाची वाट पाहणे, असे समजून तो टाळला जातो, आणि मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी, रुग्णाची इच्छा ज्यांना ठाऊक नाही अशांना तो प्रश्न घाईने सोडवावा लागतो.

चरकाने वैद्याच्या वृत्ती चार सांगितल्या: सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी करुणा, बऱ्या होण्याजोग्यांविषयी प्रीती आणि मृत्यूच्या वाटेवर निघालेल्यांविषयी उपेक्षा. येथे उपेक्षेचा अर्थ हेळसांड नव्हे. जेथे चिकित्सा चालत नाही तेथे ती लादू नये, असा तो संयम आहे. लक्षात घेण्यासारखे हे की परिचारकाच्या चार गुणांत अशी उपेक्षा कोठेही नाही. वैद्याचे काम थांबते तेथे परिचारकाचे थांबत नाही. तोंड ओल्या बोळ्याने पुसायचे असते, कूस बदलायची असते, पाठीवर व्रण पडू द्यायचे नसतात, पलंगाची डोकीकडची बाजू उंच ठेवून चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्यायचा असतो, आणि धाप असह्य झाली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेतील मॉर्फिन मिळवण्यासाठी, व्यसन लागेल अशी शंका काढणाऱ्या नातेवाइकांची समजूत घालायची असते. या दिवसांत वजनाची वही बंद करता येते, कारण तिने दाखवावे असे काही उरलेले नसते. पण रात्रीच्या पाळ्यांची वाटणी याच दिवसांत सर्वाधिक काटेकोर हवी, आणि त्या वाटणीत मुलाचे, जावयाचे आणि नातवाचे नाव सुनेच्या नावाइतकेच स्पष्ट लिहिलेले असावे.